मूठभर गूळ

तांत्रिक शाळेच्या स्टोअरमधून गूळ मागणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला.

ती चिठ्ठी अजून डोळ्यांसमोर आहे. बारीक, तिरकं अक्षर. सिमेंट पाच किलो, चाळलेली वाळू पंधरा किलो, ठोकळ्याचे लोखंडी साचे चार, गूळ पावशेर. मी ती दोनदा वाचली आणि खिडकीतून वर पाहिलं. सर समोर उभेच होते. उंच, थोडे वाकलेले, शर्टाचं गळ्याचं बटणसुद्धा लावलेलं, खिसा रिकामा. पेन ते खिशाला कधी लावत नसत, हातात धरून हिंडत.

"सर, हे स्टोअर आहे, वाण्याचं दुकान नाही," मी म्हटलं.

"गूळ नाही?"

"खिळे आहेत. करवतीची पाती आहेत. गूळ नाही."

"बरं. गूळ मी आणतो. पण चिठ्ठीवर तो राहू द्या. नोंद असलेली बरी."

आता बोला! मी ती चिठ्ठी फाइलला लावली आणि दिवसभर भेटेल त्याला दाखवून हसले. तेव्हा हसायलाच आलं होतं.

आमची शाळा भिवंडीच्या बाहेर, वळ गावच्या रस्त्याला होती. शाळा म्हणजे पत्र्याच्या तीन शेड आणि एक नळ. फिटर, वायरमन आणि गवंडीकाम असे तीन वर्ग चालायचे. मी स्टोअर सांभाळायचे. माझे बाबा गवंडी, निजामपुऱ्यातल्या कितीतरी लूमच्या, म्हणजे यंत्रमाग कारखान्यांच्या, भिंती त्यांच्या हातच्या, त्यामुळे चुना-सिमेंटातलं मला कुणी शिकवायला येऊ नये असा माझा तोरा होता. जुन्या चुन्याच्या कामात गूळ घालायचे हे मला ठाऊक होतं. चुना चांगला धरतो म्हणायचे त्यानं. सिमेंटात मात्र गूळ घातलेला मी कधी ऐकला नव्हता.

सर गवंडीच्या वर्गाला शिकवायला आले ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. आधी कुठल्याशा अणुकेंद्रात मोठे साहेब होते, एवढीच माहिती त्यांच्याबरोबर आली. एवढा शिकलेला माणूस आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये कशाला आला, याबद्दल ज्याला जे सुचलं ते त्यानं सांगितलं. डोक्यात किरण गेलेत, असं वायरमनच्या मास्तरांचं मत होतं.

वर्गात त्यांचं एकच टुमणं. आधी ठोकळा. मुलांनी कुठलाही माल कालवला की बांधायला घ्यायच्या आधी त्याचा ठोकळा पाडायचा, दुसऱ्या दिवशी साच्यातून काढायचा, पाण्यात ठेवायचा, आठ दिवसांनी मशीनखाली दाबून फोडून बघायचा. हे सगळेच शिकवतात. पण सर दर वेळी एक ठोकळा जास्तीचा पाडत आणि तो फोडत नसत. त्यावर खिळ्यानं तारीख कोरून हौदात सोडून देत. "साहेब येवोत, मंत्री येवोत, थांबवा त्यांना. आधी ठोकळा," असं ते पोरांना सांगत आणि सांगताना आवाज चढे. पोरं गालात हसत. शाळेत मंत्री कशाला येतोय!

हौद भरत चालला तसं मी कुरकुर करू लागले. "सर, या ठोकळ्यांचं काय लोणचं घालायचंय?" ते म्हणत, "राहू द्या बाई. ते काही खायला मागत नाहीत."

पण त्यांची माझी खरी ओळख झाली ती भांडणातून. त्यांना कामाला लागून महिनाही झाला नव्हता. मी खिडकीतून साचा दिला की हा माणूस तो खाली ठेवून तडक नळाकडे जायचा आणि कोपरापर्यंत हात धुवायचा. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या दिवशी मी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं. तिसऱ्या दिवशी मी आपल्या थर्मासमधला चहा कपात ओतून दिला, तर कप टेबलावर ठेवून स्वारी निघाली नळावर.

मी बौद्धवाड्यातली. माझ्या हातून काही घेतल्यावर कुणी हात धुतले तर त्याचा अर्थ मला पुस्तकात बघावा लागत नाही. माझ्या आजीनं तो आयुष्यभर पाहिला होता. माझं डोकं सणकलं. भर व्हरांड्यात सगळ्यांदेखत मी ओरडले, "सर, माझ्या हातचा विटाळ होतो का तुम्हाला? तर तोंडानं सांगा! उद्यापासून सामान खिडकीत ठेवून लांब उभी राहते!"

तिन्ही शेडमधली पोरं दारात आली. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मग म्हणाले, "बाई, जरा इकडे या." मला नळापाशी नेलं. स्वतःच्या चष्म्याला हात लावला, हात धुतले. भिंतीला हात लावला, धुतले. स्वतःच्या कपाळाला लावला, पुन्हा धुतले. "मी जिथं काम करत होतो तिथं दारातून बाहेर पडताना असे धुवावे लागत. हाताला काही चिकटून आलेलं दिसत नाही, म्हणून. आता ते दार राहिलं नाही. पण हात ऐकत नाहीत."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मी कसली माफी मागतेय! "मग आधी सांगायचं ना, सर!" असं उलट त्यांनाच सुनावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि माझ्या डब्यातलं जवळ्याचं सुकं मागून खाल्लं. आधी हात धुतले, नंतर धुतले, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे बघून "बाई, बरं का" म्हणाले. त्या दिवसापासून शाळेत शिरताना ते मला "जयभीम, बाई" म्हणू लागले. जरा मोठ्यानंच म्हणायचे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अणुकेंद्रात ते काय करायचे हेही त्या डब्यावरच कळलं. तिथं जे पाणी दूषित होतं ते फेकून देता येत नाही. ते आटवून दाट करतात, सिमेंटात कालवतात आणि लोखंडी पिंपात भरतात. सिमेंट धरलं की ते विष दगडात कोंडलं जातं. मग ती पिंपं जमिनीखाली काँक्रीटच्या खंदकात ठेवून वरून झाकायची. "तीनशे वर्षं तरी त्यानं धरून बसायचं असतं," सर म्हणाले. "एवढा भरवसा आपण सिमेंटवर ठेवतो. माणसावर ठेवत नाही."

"आणि नाहीच धरलं तर?" मी सहज विचारलं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून नळावर गेले.

राहायला ते निजामपुऱ्यात होते, चार लूमवर बांधलेल्या एका खोलीत. सिमेंटच्या माणसानं घ्यावी अशी ती जागाच नव्हे. खाली लूम चालू असले की खोलीतला पेला टेबलावरून सरकायचा. कोवळ्या सिमेंटाला पहिले काही तास हलवायचं नसतं, म्हणून ठोकळे ते शाळेतच पाडत. "या गल्लीत सिमेंटाला झोप लागायची नाही," म्हणत. मी विचारलं, "आणि तुम्हाला?" तर म्हणाले, "मला कुठं धरायचंय!"

त्यांचे घरमालक चाचा इथल्याच जुन्या घराण्यातले. एकदा बाजारात भेटले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाय, तुमचे सर माणूस एक नंबर. कधी वर आवाज न्हाय. पण दर जुम्म्याला काय करतात माहीत हाय? गोल कापलेला टीपकागद घेतात आणि जिन्याचा कठडा पुसतात. मग तो कागद उजेडात बघतात, पाकिटात घालतात, वर तारीख टाकतात. मी बोललो, सर, जादूटोना तर नाय ना? तर बोलतात, चाचा, तपासणी आहे. अरे, कसली तपासणी? धूळ आणि रुई, दुसरं काय मिळनार माझ्या जिन्यावर?"

सरांना विचारलं तर म्हणाले, अणुकेंद्रात असाच कागद फिरवून कुठं विष लागलंय का ते बघत. मी त्यांना त्यावरून पुष्कळ छेडलं. कठडा पास झाला का, असं शनिवारी विचारायचे. तेही गंभीरपणे "पास" म्हणायचे. या माणसाला नुसतंच वेड आहे, दुःख बिख काही नाही, असं मी धरून चालले होते. कुणाबद्दल असं धरून चालू नये हे मला यमुनामावशीनं शिकवलं.

एका दुपारी शाळेच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. पायात चपला नाहीत, डोक्यावर वालाच्या शेंगांचं गाठोडं. अंबाडी गावाच्या पुढच्या एका पाड्यावरून आली होती. "सिमेटवाले सायेब हायत का?" सर तेव्हा वर्गात होते. मी तिला स्टोअरमध्ये बसवलं, पाणी दिलं. ती म्हणजे यमुनामावशी. सर दर पंधरा दिवसांनी रविवारी त्यांच्याकडे जातात, नवऱ्याची औषधं पोचवतात, हे तिच्याकडून पहिल्यांदा कळलं. आमच्यापैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

"तुमचे मालक आजारी आहेत?"

"बारा वरसं झाली बाय, धड न्हाईत. आदी हाताची कातडी गेली. आता रगतच होत न्हाय म्हनत्यात अंगात." मग तिनं आवाज खाली आणला. "सायबांच्या हाताखाली मजूर व्हते ते, तिकडं अनुच्या कारखान्यात. माझ्या नवऱ्यानं सायबांचं लय नुस्कान केलं. पयल्या पिंपात गूळ टाकला आनि समदा माल नासवला. सायबांची नोकरी गेली त्यापायी. दुसऱ्या कुनी तोंड बघितलं नसतं. पन ह्यो मानूस अजून आमाला धरून हाय."

गूळ. मी फाइलमधल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं. एव्हाना तिथं अशा आठ-दहा चिठ्ठ्या जमल्या होत्या आणि प्रत्येकीत गूळ होता. पावशेर, मग छटाक, मग नुसता तोळा. दर वेळी कमी. मला काही उलगडेना, पण हसू मात्र आलं नाही.

त्याच महिन्यात एका शनिवारी वर्ग सुटल्यावर सरांनी मला शेडमध्ये बोलावलं. टेबलावर गुळाची ढेप आणि तराजू.

"बाई, यातला मूठभर घ्या. देवाला वाहताना घेतो तसा. मोजू नका."

मी म्हटलं मी देवाला काही वाहत नाही, पण मूठभर गूळ कळतो मला. घेतला. त्यांनी तो तोलला. "पुरुषाचा हात मोठा. दुप्पट धरू," असं स्वतःशीच म्हणाले. एका पिंपात सिमेंट किती, त्यात हा दुप्पट गूळ, तर दोन ठोकळ्यांच्या मालात केवढा, असं कागदावर मांडलं. उत्तर आलं चिमटीभर. तेवढाच गूळ पाण्यात विरघळवून त्यांनी माल कालवला आणि दोन साचे भरले. मग शेजारचे दोन साचे भरले गुळाशिवाय, पण पाणी वेगळं. अणुकेंद्राच्या त्या गढूळ पाण्यात जे क्षार असत तसेच साधे, विष नसलेले क्षार त्यांनी मुंबईहून आणले होते. ते त्या पाण्यात टाकले.

रविवारी शाळा बंद, तरी मी गेले. राहवेना. सर आधीच येऊन बसले होते, साच्यांना हात लावला नव्हता. "तुम्ही बघा," म्हणाले.

मी खिळा घेतला. गुळाच्या ठोकळ्यावर ओढला तर नुसता ओरखडा. बोटाच्या पेरानं वाजवला, खणखणीत. मग क्षाराच्या ठोकळ्यावर बोट ठेवलं तर ते सरळ आत गेलं. थंडगार चिखल.

"म्हणजे गुळानं बिघडलं नव्हतंच?"

"नाही," सर म्हणाले. "एवढ्या कमी गुळाची ही चौथी वेळ आहे. तीनदा मी एकट्यानं पाहिलं. वाटलं, माझ्या हाताचं काही चुकत असेल."

मग त्यांनी सांगितलं. खाली बघून, सरळ, हजेरी घ्यावी तसं.

पहिल्या पिंपाचा दिवस ठरला होता. दिल्लीहून मोठी माणसं बघायला यायची होती. त्या पाण्याचा ठोकळा आधी पाडून बघायला हवा होता, त्याला आठ दिवस लागले असते. सरांनी तो पाडला नाही. यमुनामावशीचा नवरा काळूराम त्या पिंपावर मजूर होता, त्याचा बाप चुन्याच्या भट्टीवर राबलेला. पहिल्या घाण्यात गूळ घालायची त्यांची रीत. त्यानं मूठभर गूळ पिंपात टाकला आणि हात जोडले. सर शेजारीच उभे होते. ते हसले, बाकीचेही हसले. दुसऱ्या दिवशी पिंप ओलंच. तिसऱ्या दिवशीही ओलं. सरांनी अहवाल लिहिला, की मजुराने अज्ञानातून गूळ टाकल्यामुळे सिमेंट धरले नाही.

"सगळ्यांना पटलं, बाई. गुळानं सिमेंट धरत नाही हे पुस्तकातही आहे. किती गुळानं, ते कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही."

ओलं पिंप खंदकात सोडता येत नव्हतं. ते उपसून दुसऱ्या पिंपात कोरड्या सिमेंटात आणि चुन्यात कालवायला हवं होतं. सर म्हणाले, ज्यानं घाण केली त्यानंच काढावी. आत काम करणाऱ्याच्या छातीला एक बिल्ला असतो. अंगावर किती किरण पडले ते त्यावरून कळतं आणि ठरल्यापेक्षा जास्त झाले की त्या माणसाला काम बंद. दुसरा माणूस हाताशी नव्हता, मोठी माणसं दारात आलेली. सरांनी काळूरामला सांगितलं, बिल्ला खुंटीला लावून आत जा. तो तीन दिवस आत जात होता. त्यानं लांब दांड्याच्या फावड्यानं ते पिंप उपसलं. मग त्याला कामावरून काढलं. त्याच्या बिल्ल्यावर काहीच नव्हतं.

"आणि तुम्ही?"

"मी दाराबाहेर. काचेतून बघत होतो." त्यांनी रिकाम्या खिशावर हात ठेवला. "माझा बिल्ला इथं होता."

आजार त्यानंच झाला का, हे मी नंतर खूपदा विचारलं. डॉक्टरांना सांगता येत नव्हतं, सरही म्हणत, सांगता येत नाही. पण त्या दिवशी मला तेही विचारायचं सुचलं नाही. मला भयंकर राग आला. बारा वर्षं हा माणूस ठोकळे पाडत होता, कठडे पुसत होता, औषधं पोचवत होता, आणि एक वाक्य बोलत नव्हता. तिकडे तो बिचारा स्वतःच्याच नावानं बोटं मोडत झिजत होता.

"काळूराम अजून म्हणतो की त्यानं तुमची नोकरी घालवली," मी म्हटलं.

"नोकरी मी सोडली. दोन वर्षांनी. स्वतःहून."

"ते त्याला कधी सांगणार? तो मेल्यावर?"

सर खिळा उचलून ठोकळ्यावर तारीख कोरू लागले.

"पुढच्या रविवारी पहिली एसटी. मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर गोळ्या देऊन परत याल, मी ओळखते तुम्हाला."

तसे आम्ही गेलो. अंबाडीला उतरून पुढे पाऊणेक तास चाललो. सरांच्या खांद्याला कापडी पिशवी, तीत तो गुळाचा ठोकळा. मी म्हटलं, द्या मी घेते थोडा वेळ. त्यांनी दिली नाही.

काळूराम ओटीवर गोधडीवर पडून होता. माणूस कसला, हाडांना कातडी लावलेली. सरांना बघून उठू लागला. यमुनामावशीनं तांब्यातून पाणी दिलं. त्या बाजूला पाहुण्याला पाण्याबरोबर गुळाचा खडा देतात, मी सवयीनं हात पुढे केला. ती कानाशी म्हणाली, "गूळ न्हाय बाय. त्यांनी त्या दिसापासून घरात येऊ दिला न्हाय. संक्रांतीला तीळबी साखरेत वळते मी."

सरांनी ठोकळा काढून काळूरामच्या हाताशी ठेवला. त्यानं जुन्या कामगारासारखा बोटाच्या पेरानं वाजवून पाहिला. "झ्याक धरलाय, सायेब."

"काळूराम, यात गूळ आहे. तू टाकलास त्याच हिशेबानं, थोडा जास्तच."

काळूरामनं ठोकळ्यावरचा हात काढून घेतला.

"ते पिंप तुझ्या गुळानं बिघडलं नव्हतं. माझं माप चुकलं होतं. मी ठोकळा पाडला नाही. कागदावर तुझं नाव लिहिलं ते खोटं लिहिलं. ऐकतोयस का? चूक माझी होती."

काळूरामच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. मी अजून ते विसरू शकत नाही. त्यानं हात जोडले. "सायेब, म्या काय ल्हान पोर हाय का, समजूत काढाया? मरायला टेकलो म्हून इतक्या लांब ठोकळा घेऊन आलाव. देवमानूस तुमी. माझं पाप आपल्या डोक्यावर घेऊ नका."

"अरे, खरं सांगतोय मी!" सर ओरडले. त्यांना ओरडताना मी तेव्हाच पाहिलं. "बिल्ला काढायला मी सांगितलं होतं! ते तरी आठवतंय ना?"

"सांगितला तुमी," काळूराम शांतपणे म्हणाला, "पन काडला तर माझ्याच हातानं न्हवं का."

सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं, चौथ्यांदा सांगितलं. जितकं सांगावं तितका तो जास्त हात जोडायचा. शेवटी सरांच्या पायाला हात लावायला वाकला आणि तोल जाऊन पडता पडता वाचला. मी त्याला धरलं. वर पाहिलं तर यमुनामावशी दारात उभी होती, हातात तांब्या तसाच. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याला जे पटलं नव्हतं ते तिला पहिल्याच वेळेला पटलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. ती आत गेली आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही.

त्यानंतर सरांनी अणुकेंद्राला पत्र लिहिलं. मराठी मसुदा मीच करून दिला, त्यांनी इंग्रजीत करून पाठवला. सगळं लिहिलं, बिल्ल्याचंसुद्धा. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की नोंदवहीत असे काही आढळत नाही. सरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाले, "कसं आढळेल? ती नोंदवही मीच लिहिली होती."

काळूराम त्या थंडीत गेला. निरोप उशिरा पोचला, दहावं होऊन गेलं होतं. आम्ही पुन्हा तीच एसटी धरली. या वेळी सरांच्या खांद्याला पिशवी नव्हती.

ओटी सारवलेली होती. गोधडी दिसत नव्हती. तो ठोकळा मात्र कोपऱ्यात तसाच होता. यमुनामावशीनं आम्हाला बसायला घोंगडी टाकली. मी तिच्या जवळ जायला उठले तर म्हणाली, "बस बाय. आलेच." आतून आली ती हातात ताटली घेऊन. ताटलीत पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा. लहानसहान नाही, चांगला मूठभर. तिनं ताटली सरांच्या पुढ्यात ठेवली.

"घ्या, सायेब."

सर ताटलीकडे बघत राहिले.

"घ्या. अंबाडीच्या बाजारातनं आनून घेतलाय. गुळात काय वाईट न्हाय, तुमीच सांगितलं न्हवं का?" तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमी गेल्यावर म्या त्यांना म्हनलं, आता खावा थोडा. सायेब बोलले, गुळानं न्हाय झालं. लय गोड आवडायचं त्यांना, सायेब. जेवनानंतर खडा लागायचाच. तर त्वांड फिरवलं. म्हनले, नगं, सायबांचं नुस्कान केलंय म्या. ह्येच बोलत गेले."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. तिचे डोळे कोरडे होते.

"बारा वरसं येत व्हता तुमी. याच ओटीवर बसत व्हता. धडधाकट व्हते तवा सांगितलं असतं तर त्यांना पटलं असतं. का न्हाय सांगितलं?"

सरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी सांगतील, भीती म्हणतील, लाज म्हणतील. त्यांनी चष्मा काढून हातात धरला.

"खावा," ती म्हणाली.

सरांनी खडा उचलला आणि खाल्ला. थोडा नाही, सगळा. हळूहळू, तुकडा तोडून, चावून, पाण्याचा घोट न घेता. मध्ये एकदा घशाशी अडकला तेव्हा थांबले आणि पुन्हा खाऊ लागले. यमुनामावशी समोर बसून बघत होती. तो संपेपर्यंत ओटीवर कुणी हललं नाही. मग तिनं ताटली उचलली आणि आत गेली.

सर उठले. अंगणात रांजण भरलेला होता, त्यावर तांब्या पालथा होता. मी तांब्या भरून पुढे केला, ते नेहमीसारखे हात धुणारच म्हणून. त्यांनी मान हलवली, चपला घातल्या आणि चालू लागले.

एसटीत ते खिडकीशी बसले. उजवा हात मांडीवर उताणा ठेवला होता, गुळानं चिकट झालेला, आणि भिवंडी येईपर्यंत तो त्यांनी कशाला पुसला नाही.